पोकळ काडींतील शिकारीण

परभणी तालुक्यांतील झरी गांवच्या काळ्या शिवारांत कापूस, तूर, सोयाबीन हीं पिकें दिसतात. अशा शिवाराच्या बांधावर व ओढ्याकाठीं बोरू, घाणेरी असें कांहींबाही वाढतें. ज्या बोरूच्या लेखणीनें जुन्या पिढीनें कित्ते गिरविले, त्याच्याच वाळलेल्या पोकळ काडींत एक मादी एकटीनें संसार थाटते. ती गांधीलमाशीच्या गोतांतली. परंतु तिला ना पोळें, ना राणी, ना दासी.

अळ्या धरणाऱ्या जातीची मादी प्रथम काडीच्या तळाशीं बारीक तंतूनें एक अंडें टांगते. मग पिकावर हिंडून एकेक अळी हेरावयाची, नांगी मारून ती लुळी करावयाची आणि आणून रचावयाची. अळी मरत नाहीं, म्हणून सडत नाहीं. पिलास अन्न ताजें मिळतें. खोली भरली कीं चिखलाचा पडदा, व पुढें दुसरी खोली. माद्यांचीं अंडीं बहुधा आंत, नरांचीं दाराजवळ. कारण नर आधीं बाहेर पडतात. फलित अंड्यापासून मादी व अफलितापासून नर होतो, तेव्हां ही निवड आईच्याच हातीं!

घरट्यांत अळी जाते व बाहेर पंखांचा जीव येतो, यावरूनच कीटकाचा भ्रमर होतो हा दृष्टांत निघाला असावा. वेदांतास तो शोभतो. निसर्गांत मात्र अळीचें रूपांतर होत नाहीं, भक्षण होतें.

शेतकऱ्याचा लाभ तो हाच. एकेका पिलास अनेक अळ्या लागतात. कांहीं जाती मावा वेंचतात. तथापि कांहीं जाती कोळी पकडतात, आणि कोळी हाहि पिकाचा राखणदारच. शिवाय बोंडांत दडलेल्या गुलाबी बोंडअळीपर्यंत हिची नांगी पोंचत नाहीं. २०१७ सालीं त्या अळीनें मराठवाड्यांतील कापूस पोखरला, तेथें ही काय करणार?

म्हणून हंगाम सरतांच पऱ्हाट्या नष्ट कराव्या, हा कृषितज्ज्ञांचा सल्ला योग्यच आहे. परंतु त्याच आगींत बांधावरचा बोरूहि जाळणें समर्थनीय नाहीं. त्या काड्यांत पुढली पिढी निजलेली असते. फवारणीचें विषहि अळीस व तिच्या वैरिणीस सारखेंच बाधतें. बांध साफ करावयाचाच असेल, तर एका टोकास बंद अशा बोरूच्या कांहीं काड्यांची जुडी गोठ्याच्या वळचणीस आडवी टांगावी.