मांजर मधूनच लंगडते तेव्हा

सकाळी लंगडणारे मांजर दुपारी कपाटावर उडी मारते, म्हणून दुखणे गेले असे समजू नका. मांजर वेदना लपवते. आधी पंजा पाहा: तळव्याच्या गादीत रुतलेले नख, किंवा भांडणातल्या चाव्याचे गळू. गुडघ्याची वाटी सरकत असेल तर पाय क्षणभर आखडतो आणि पुन्हा सरळ होतो. म्हाताऱ्या मांजराचा संधिवात झोपेतून उठल्यावर जास्त जाणवतो. पिल्लांत कॅलिसिव्हायरसमुळे तापासोबत लंगडणे एका पायातून दुसऱ्यात जाते. दवाखान्यात बिथरलेले मांजर चालून दाखवत नाही, म्हणून घरीच मोबाइलवर व्हिडिओ काढा. मागचे पाय अचानक लुळे, थंड पडले तर रक्ताची गुठळी असू शकते. तडक डॉक्टरांकडे न्या. आणि माणसाचे पॅरासिटामॉल मुळीच देऊ नका, ते मांजराच्या जिवावर बेतते.