गोळीची डबी ठेवा, पेटी बोलेल

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की बीड जिल्ह्यातली कर्ती माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यासारख्या गावांत मग कित्येक घरी उरतात ती म्हातारी माणसं आणि नातवंडं. घरातला चांगला मोबाइलही फडावर गेलेला असतो. अशा वेळी रक्तदाबाची गोळी कोणती आणि साखरेची कोणती, हे अक्षरओळख नसलेल्या आजीला सांगणार कोण? हायस्कूलच्या विज्ञान शिक्षकाला चार मुलं हाताशी घेऊन करता येईल असा यावर एक उपाय आहे. बोलकी पेटी.

या पेटीचा मेंदू म्हणजे ‘रास्पबेरी पाय’ हा छोटा संगणक. मुलांना प्रोग्रामिंगची गोडी लागावी म्हणून इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या मंडळींनी तो २०१२ मध्ये ३५ डॉलरला बाजारात आणला. २०१५ मधला ‘झीरो’ त्याहून लहान आणि स्वस्त, तेव्हा अवघ्या पाच डॉलरचा. त्याला हेडफोनचं भोक मात्र नाही. आवाजासाठी छोटा अँप्लिफायर वेगळा जोडावा लागतो.

खरी गंमत चिकटपट्टीवरच्या टॅगमध्ये आहे. त्यात बॅटरी नसते, तारेचं वेटोळं आणि बारीक चिप असते. पेटीतल्या रीडरच्या चुंबकीय क्षेत्रात टॅग आला, की वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि चिप आपला क्रमांक कळवते. संगणक त्या क्रमांकाचं ध्वनिमुद्रण मेमरी कार्डातून शोधून वाजवतो. इंटरनेट लागत नाही. फडावर जाण्याआधी लेकानं किंवा सुनेनं बोलून ठेवलेलं असतं : ‘आई, ही सकाळची. न्याहारी झाल्यावर घ्या.’

टॅग गोळ्यांच्या पाकिटावर थेट चिकटवला तर मात्र पेटी गप्प बसते. पाकिटाची पन्नी ॲल्युमिनियमची असते आणि धातू चुंबकीय क्षेत्र अडवतो. म्हणून पाकीट बाहेरच ठेवायचं. गोळ्या पन्नीतून न सोडवता एकेक कापून प्लॅस्टिकच्या डबीत ठेवायच्या आणि टॅग झाकणावर लावायचा. पुन्हा ऐकण्यासाठी साधं दाबायचं बटण बरं. शेतात राबलेल्या कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटांना टचस्क्रीन नीट दाद देत नाही, हे घरोघरी दिसतंच.

स्पीकरवर काटकसर करू नये. वयानुसार आधी उच्च कंपनसंख्येचे आवाज ऐकू येणं कमी होतं. ‘स’, ‘फ’, ‘थ’ ही व्यंजनं निसटतात. आवाज नुसता मोठा करून ते भरून निघत नाही. सावकाश, स्पष्ट बोलणं आणि मागे टीव्ही किंवा पंखा चालू नसणं जास्त उपयोगी पडतं.

वीज अचानक गेली तर रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड बिघडू शकतं. त्यावर पॉवर बँक हा सोपा इलाज. शिवाय कार्ड ‘फक्त वाचण्यासाठी’ ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये असते. आपल्याकडच्या भारनियमनात ती चालू केलेली बरी.

सगळ्यात धोक्याची गोष्ट वायरींत नाही. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि ध्वनिमुद्रण जुनंच राहिलं, तर पेटी तितक्याच विश्वासाने चुकीचं सांगेल, तेही लेकाच्या आवाजात. म्हणून प्रत्येक ध्वनिमुद्रणात तारीख बोलावी, डोस चिठ्ठीवरूनच वाचावा आणि गोळ्या नव्याने आणल्या की आशाताईंसमोर पेटी एकदा वाजवून चिठ्ठीशी ताडून घ्यावी.