सागरपर्यटन : काही व्यवहार्य प्रश्न व त्यांची उत्तरे

दिवाळीची वहीपूजा आटोपली की आपल्या व्यापारी बांधवांस चार दिवसांची उसंत लाभते. पूर्वी ही उसंत सम्मेदशिखर, गिरनार किंवा श्रवणबेळगोळच्या यात्रेत जाई. आजही जाते, परंतु अलीकडे संघाच्या कचेरीत एक नवीन प्रश्न वरचेवर कानी येऊ लागला आहे : "बोटीच्या सहलीस जावे म्हणतो, कसे काय?" विचारणाऱ्यांत तरुण दांपत्ये असतात, तशीच मुलांनी आग्रह केलेली वृद्ध मंडळीही असतात. प्रत्येकास निराळे उत्तर देण्यापेक्षा आमचा अल्पस्वल्प अनुभव आणि चौकशीअंती मिळालेली माहिती एकत्र मांडावी, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

समुद्र आपल्या समाजास परका नाही. तेराव्या शतकातील भद्रेश्वरचे जगडूशहा किंवा सतराव्या शतकातील सुरतेचे वीरजी व्होरा यांचा व्यापार समुद्रमार्गेच चालत असे. 1893 साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेचे निमंत्रण आचार्य आत्मारामजी महाराजांस आले. साधूंस असा प्रवास वर्ज्य, म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधी यांस पाठविले, आणि तेही आगबोटीनेच गेले. आपल्या बेळगावपुरते बोलावयाचे तर एके काळी घाटाखालचा माल वेंगुर्ले बंदरातूनच वर येई. तेव्हा समुद्र ओलांडावा की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. आपले नेम आणि आपला पैसा दोन्ही सांभाळून तो कसा ओलांडावा, एवढाच प्रश्न आहे.

आमचा अनुभव

काही वर्षांपूर्वी आम्ही आठ कुटुंबे सिंगापूरहून निघणाऱ्या एका मोठ्या बोटीने पाच दिवसांच्या सहलीस गेलो होतो. बरोबर आमच्या मातोश्री होत्या. त्यांचा चौविहाराचा नेम चाळीस वर्षांचा. ज्याच्याकडून तिकिटे घेतली त्यास आम्ही विचारले, "जैन जेवण मिळेल ना?" तो म्हणाला, "साहेब, सर्व मिळते." आम्ही निश्चिंत झालो. बोटीवर गेल्यावर कळले की आमच्या पंगतीची वेळ रात्री साडेआठची आहे. सूर्यास्त सातच्या सुमारास. खुल्या भोजनगृहात शाकाहारी म्हणून जे मांडले होते त्यात बटाटा नाही असा एकही पदार्थ नव्हता. मातोश्रींनी दोन खाकरे खाल्ले, सूर्यास्तापूर्वी पाणी घेतले आणि डेकवर जाऊन माळ ओढीत बसल्या. त्यांनी तक्रारीचा एक शब्द उच्चारला नाही. त्यामुळेच आम्हांस ते अधिक लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुख्य आचाऱ्यास भेटलो. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट, मुळा, आले, अंडे यांपैकी काहीही नको आणि जेवण सायंकाळी सहापूर्वी हवे, असे कागदावर इंग्रजीत लिहून दिले. त्या भल्या गृहस्थाने त्याच सायंकाळी भात, मुगाची डाळ आणि कोबीची भाजी करून दिली. तो म्हणाला, हे आठ दिवस आधी कळले असते तर पहिल्या दिवसापासून केले असते. दोष आचाऱ्याचा नव्हता. दहा हजारांचा माल उधार देताना लेखी चिठ्ठी मागणारे आम्ही, मातोश्रींच्या व्रताच्या बाबतीत तोंडी शब्दावर विसंबलो होतो.

आहाराचा बंदोबस्त कसा करावा?

म्हणून आमची पहिली सूचना हीच. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर जैन भोजनाची सोय असते. परदेशी कंपन्यांपैकी पुष्कळजणी आगाऊ सूचना मिळाल्यास ती करतात. परंतु 'जैन' या शब्दाचा अर्थ अनेक आचारी केवळ 'कांदा-लसूण विरहित' असा घेतात. यास्तव वर्ज्य पदार्थांची यादी नावानिशी द्यावी, कंपनीचे लेखी उत्तर घ्यावे आणि त्याची प्रत जवळ बाळगावी. बोटीवर चढताच भोजनगृहाच्या व्यवस्थापकास भेटून दुसऱ्या दिवसाचे जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवावे.

दिसण्यात निरुपद्रवी अशा काही पदार्थांविषयी सावध राहावे. थरथरणाऱ्या गोड पदार्थांत जिलेटिन असते व ते प्राणिज असते. केकमध्ये बहुधा अंडे असते. पुष्कळशा परदेशी चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरतात. सूप भाज्यांचे दिसले तरी त्याचे मूळ पाणी मांसाचे असू शकते; आणि आग्नेय आशियात भाजीवरही माशाचा रस शिंपडण्याची रीत आहे. खुल्या भोजनगृहात एकच डाव अनेक भांड्यांतून फिरतो, हेही ध्यानात ठेवावे.

चौविहार पाळणाऱ्यांनी दोन पंगतींपैकी पहिली मागावी. ती बहुधा साडेपाच-सहाच्या सुमारास बसते व तिकीट घेतानाच मागितली तर सहज मिळते. बोट पूर्वेस वा पश्चिमेस फार सरकली की घड्याळ बदलते. म्हणून घरचा सूर्यास्ताचा तक्ता बरोबर नेऊन उपयोग नाही. बोटीवर रोज वाटल्या जाणाऱ्या पत्रकात सूर्यास्ताची वेळ पुष्कळदा छापलेली असते. नसल्यास स्वागतकक्षात विचारावी. नॉर्वेच्या उत्तर टोकाकडे जाणाऱ्यांपुढे तर निराळाच पेच येतो. तेथे मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य मावळतच नाही. अशा ठिकाणी नेम कसा पाळावा हे सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे. निघण्यापूर्वी आपापल्या गुरुमहाराजांस विचारावे.

घरचा कोरडा फराळ, म्हणजे खाकरे, भाजलेले मुरमुरे, सुकी चटणी, बंद पुड्यांतून नेण्यास सहसा हरकत नसते. मात्र केबिनमध्ये शेगडी, पाणी तापविण्याची कांडी वा इस्त्री नेता येत नाही. आगीच्या भयाने या वस्तू तपासणीतच काढून घेतल्या जातात. उकळलेले पाणी हवे असल्यास ते भोजनगृहातून थर्मासमध्ये भरून घ्यावे. परदेशी बंदरावर उतरताना फळे, बी-बियाणे, घरचे पदार्थ खाली नेऊ नयेत. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे त्याबद्दल जबर दंड आहे.

भाडे म्हणजे नक्की किती?

जाहिरातीतील आकडा हा मालाचा भाव असतो, हातात पडणारे बिल नव्हे. तो आकडा दरडोई असतो आणि एका केबिनमध्ये दोघे राहतील असे धरून दिलेला असतो. एकट्याने जाणाऱ्यास त्याच केबिनसाठी पुष्कळदा दुपटीच्या जवळपास रक्कम पडते. त्यावर बंदराचे शुल्क, कर, आणि नोकरवर्गासाठी दरडोई दररोज आकारली जाणारी बक्षिसी येते. राहणे, नेहमीचे भोजन व करमणूक भाड्यात असते. बंदरावरील सहली, खास भोजनगृहे, इंटरनेट, कपडे धुणे यांचे पैसे निराळे. बोटीवर रोख चालत नाही. खोलीच्या कार्डावर खर्च चढत जातो आणि शेवटच्या सकाळी खतावणी हाती येते. ती रोजच्या रोज तपासावी.

परदेशच्या सहलीवर विक्रेता टी.सी.एस. वसूल करतो. त्याचे दर वेळोवेळी बदलतात, परंतु तो खर्च नव्हे. प्रमाणपत्र जपून ठेवल्यास आयकराच्या विवरणपत्रात त्याची वजावट मिळते. सहल रद्द केल्यास किती कापून घेणार, हे पैसे भरण्यापूर्वी वाचावे. निघण्याचा दिवस जवळ येईल तशी ही कापणी वाढत जाते आणि अखेरीस काहीच परत मिळत नाही.

केबिन कोणती, ऋतू कोणता?

खिडकी नसलेली आतली केबिन सर्वांत स्वस्त. तिच्यावर खिडकीची, मग सज्जाची. दिवसभर डेकवर फिरणाऱ्यास आतली पुरते. वृद्ध व आजारी माणसांस मात्र खिडकी असावी, असे आमचे मत आहे. बोट सर्वांत कमी हलते ती मध्यभागी व खालच्या मजल्यांवर. टोकाची आणि अगदी वरची केबिन घेतल्यास समुद्राचा प्रत्येक हेलकावा जाणवतो. नृत्यगृहाच्या वा स्वयंपाकघराच्या खालची केबिन झोपमोड करणारी ठरते, म्हणून नकाशा पाहूनच क्रमांक निवडावा.

अरबी समुद्र जूनपासून सप्टेंबरपर्यंत खवळलेला असतो व आपल्या किनाऱ्यावरील सहलींचा हंगाम बहुधा पावसाळ्यानंतरचाच असतो. चातुर्मासही याच काळात येत असल्याने आपल्या मंडळींचा त्यात तोटा नाही. बोट लागण्याचे भय असेल त्यांनी डॉक्टरांस विचारून गोळी निघण्यापूर्वीच घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग थोडा. मोकळ्या हवेत बसून दूर क्षितिजाकडे पाहावे, पोट रिकामे ठेवू नये. आले ज्यांस वर्ज्य आहे त्यांनी सुंठेचा तुकडा तोंडात धरण्यास हरकत नसावी.

कागदपत्रे कोणती लागतात?

मुंबई-गोवा-कोची अशा देशांतर्गत सहलीस पासपोर्ट लागत नाही. सरकारी ओळखपत्र पुरे होते. लक्षद्वीपात उतरण्यास मात्र आपणांसही परवाना लागतो. तो कंपनी काढते की आपण काढावयाचा, हे विचारून घ्यावे. परदेशी सहलीस पासपोर्टची मुदत परतीनंतर निदान सहा महिने शिल्लक असावी. बोट ज्या ज्या देशात थांबणार त्या प्रत्येकाचा नियम पाहावा. सर्वांत अधिक फसगत होते ती येथे : बोट एखाद्या देशातून निघून दुसरीकडे जाऊन पुन्हा त्याच देशात परत येते, तेव्हा तो दुसरा प्रवेश ठरतो. युरोपात शेंगेन प्रदेशातून निघून तुर्कस्तानास जाऊन परतणाऱ्याजवळ एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल, तर त्यास बोटीवर चढूच देत नाहीत आणि भाडेही परत मिळत नाही.

बंदरावर उतरताना काय सांभाळावे?

आमच्या मंडळींतील एक दांपत्य फुकेत येथे बाजार पाहण्यास स्वतंत्रपणे गेले होते. थायलंडचे घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे. त्यांच्या फोनने आपोआप तेथील वेळ धरली. बोट मात्र सिंगापूरच्या वेळेने चालत होती. आपल्याजवळ अजून तास आहे असे समजून ते रेंगाळले, आणि धावतपळत परतले तेव्हा शिडी उचलण्याची तयारी चालली होती. कंपनीच्या सहलीस उशीर झाल्यास बोट थांबते. स्वतंत्र गेलेल्यासाठी थांबत नाही, आणि पुढचे बंदर त्यास स्वखर्चाने गाठावे लागते. म्हणून हातात साधे घड्याळ बांधावे आणि ते बोटीच्या वेळेवर ठेवावे.

काही ठिकाणी बोट धक्क्यास न लागता दूर नांगर टाकते व लहान होड्यांतून उतरावे लागते. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी याची आगाऊ चौकशी करावी. फोन समुद्रावर 'विमान' स्थितीत ठेवावा. बोटीवरील जाळ्यावरून केलेले एक संभाषण संपूर्ण दिवसाचा खर्च वाढवू शकते.

प्रकृती आणि सुरक्षितता

बोटीवर डॉक्टर असतो, परंतु त्याचे शुल्क भारी असते व ते रोकड्याप्रमाणे खात्यावर चढते. गंभीर दुखण्यात रोग्यास किनाऱ्यावर हलवावे लागले तर त्याचा खर्च सामान्य कुटुंबास झेपणारा नाही. यास्तव समुद्रप्रवास ज्यात स्पष्टपणे अंतर्भूत आहे असा विमा उतरवावा आणि मधुमेह, रक्तदाब इत्यादी जुनी दुखणी अर्जात लपवू नयेत. नेहमीची औषधे हातातील पिशवीत ठेवावीत. मोठे सामान केबिनमध्ये पोहोचण्यास रात्र होते. चोवीस आठवडे पूर्ण झालेल्या गर्भवतीस व सहा महिन्यांखालील अर्भकास बहुतेक कंपन्या घेत नाहीत. जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. बोटीवर पसरणाऱ्या पोटाच्या साथीस नुसता सुगंधी द्रव पुरेसा पडत नाही.

निघताना सर्व उतारूंस बोलावून संकटकाळची कवायत शिकवितात. पुष्कळजण ती टाळतात. 13 जानेवारी 2012 रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही बोट खडकावर आदळून 32 जणांचे प्राण गेले, तेव्हा त्याच सायंकाळी चढलेल्या उतारूंची ही कवायत झालेली नव्हती. 2015 पासून ती निघण्यापूर्वी किंवा निघताच घेणे सक्तीचे झाले आहे. सात आखूड आणि एक लांब भोंगा वाजला की आपण कोठे जमावयाचे, हे घरातील वडील माणसास व मुलांस प्रत्यक्ष चालत नेऊन दाखवावे. आपल्या रेवसच्या वाटेवर 17 जुलै 1947 रोजी 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे दगावली, हे कोकणपट्टी अद्याप विसरलेली नाही. ती आठवण भिण्यासाठी नव्हे, दक्ष राहण्यासाठी आहे.

समारोप

इतके वाचून कोणी म्हणेल, एवढी दगदग असेल तर घरी बसणे काय वाईट? तसे आमचे म्हणणे नाही. त्या सहलीच्या शेवटच्या सायंकाळी मातोश्री पहिल्या पंगतीस जेवून डेकवर आल्या. समोर सूर्य पाण्यास टेकत होता. घरी त्या पंचांगात पाहून किंवा समोरच्या इमारतीवरील उजेड पाहून वेळ ठरवीत. तेथे त्यांनी सूर्याचे बिंब शेवटच्या रेषेपर्यंत मावळताना पाहिले आणि मग हात जोडले. म्हणाल्या, "इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा नेम डोळ्यांनी पाळला." पहिल्या सायंकाळी आम्ही जी चूक केली ती कोणाही सभासदाच्या आईच्या वा वडिलांच्या वाट्यास येऊ नये, एवढ्याच इच्छेने हे लिहिले. ज्यांस अधिक माहिती हवी असेल त्यांनी निःसंकोच विचारावे. आणि जे जाऊन आले आहेत त्यांनी आपला अनुभव पुढील अंकासाठी अवश्य पाठवावा, म्हणजे या यादीत जे राहून गेले ते पूर्ण होईल.