पऱ्हाटीनंतरचा हंगाम

कापसाचे दोन वेचे घरात आले, तुरीच्या शेंगा भरत आल्या, की नांदगाव पेठेत संध्याकाळी ओल्या मातीचा वास यायला लागतो. पावसाचा नव्हे, कुणीतरी पटांगणावर पाणी मारत असतं. आमच्या काळ्या मातीला पाणी मारणं म्हणजे हिशेबाचं काम. जास्त झालं तर चिखल तळव्याला थापला जातो. कमी झालं तर दोन दिवसांत भेगा पडतात, आणि धावत्या पायाचा अंगठा भेगेत सापडला की नखासकट येतो. म्हणून आधी बाहेरून मऊ माती आणून पसरायची, खडे वेचायचे, रात्री हलकं पाणी, सकाळी रोलर आणि उन्हं उतरली की फक्कीने कबड्डीच्या मैदानाच्या रेषा. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. टेप धरणारा पोट्टा बहुधा शाळेतलाच असतो, पण ही मापं त्याला पाढ्यांसारखी पाठ असतात.

अमरावतीहून नागपूरकडे निघालं की थोड्याच वेळात आमचं गाव लागतं. एका अंगाला महामार्ग, दुसऱ्या अंगाला एमआयडीसी आणि औष्णिक वीज प्रकल्प. गावचे चढाईपटू आता पाळीवर जातात. सकाळच्या पाळीचा मुलगा दुपारी झोपून संध्याकाळी सरावाला येतो, रात्रपाळीचा सामना खेळून तसाच डबा घेऊन निघतो. तरी हंगाम सुटलेला नाही. दिवाळीनंतर सुरू होतो, जानेवारी-फेब्रुवारीत भर येतो आणि ऊन तापलं की संपतो. शेतीतून माणूस मोकळा होण्याच्या वेळेवर बेतलेलं हे वेळापत्रक कुणी कागदावर लिहिलेलं नाही.

वऱ्हाडातले हे सामने गावाच्या नावाने होतात. माईकवर आधी गाव पुकारलं जातं, खेळाडूचं नाव नंतर. बक्षीस कुणा दुकानदाराने, कुणा शेतकऱ्याने दिलेलं असतं. बाहेरगावच्या संघाचं जेवण एखाद्या वाड्यात नाहीतर शाळेच्या खोलीत होतं: भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. खुल्या गटाबरोबर वजनगटाचेही सामने ठेवतात आणि त्यासाठी किराणा दुकानातला धान्याचा काटा मैदानावर येतो. पंधरा वर्षांचा एक मुलगा त्या काट्यावर श्वास रोखून उभा राहिलेला मी पाहिला आहे, जणू श्वास सोडला तर वजन वाढेल.

खेळ साधा दिसतो, म्हणून लोक त्याला साधा समजतात. दोन्ही बाजूंना सात-सात जण, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. चढाई करणाऱ्याने एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत जायचं, हात लावायचा आणि दम तुटण्याआधी मध्यरेषा गाठायची. अख्खा संघ बाद केला तर लोणाचे दोन गुण जास्तीचे. खरी विद्या पकडीत आहे. कोपऱ्यात उभा राहणारा मुलगा चढाईपटूच्या चेहऱ्याकडे पाहत नाही. आमच्याकडचे जुने खेळाडू लहान पोरांना सांगतात, “टाच पाह्यजो, तोंड नोको पाहू.” तोंड खोटं बोलतं, हात हूल देतात, पण वळायचं असेल तर वजन आधी टाचेवर यावंच लागतं. त्या क्षणी घोटा धरायचा. अर्धा क्षण उशीर झाला की हातात धूळ.

आमच्या आजोबांच्या पिढीत याच खेळाला हुतुतू म्हणत आणि नियम गावागणिक बदलत. कुठे बाद झालेला पुन्हा उठे, कुठे बाहेर बसला तो बसला. संजीवनी, गामिनी, अमर ही त्या प्रकारांची नावं. या पसाऱ्याला एक साचा देण्याची धडपड महाराष्ट्रात 1918 च्या सुमारास सुरू झाली, 1923 मध्ये बडोद्याला नियम छापले गेले. आणि या धडपडीतला एक मोठा वाटा आमच्या अमरावतीचा आहे. वऱ्हाडाबाहेर हे फार कुणाला ठाऊक नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

1914 साली अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य या भावांनी अमरावतीत एक आखाडा काढला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. मल्लखांब, लेझीम, लाठी, कुस्ती, हुतुतू, खो-खो हे सगळं तिथे नुसतं खेळलं जात नव्हतं, शिकवलं जात होतं. क्रमाने, वर्गात बसवून, परीक्षा घेऊन. शिकलेला माणूस आपल्या गावी परत जाई आणि तिथे आखाडा किंवा मैदान उभं करी. हुतात्मा राजगुरूंचे पायही या आखाड्याला लागले होते. 1936 च्या ऑगस्टमध्ये, बर्लिन ऑलिम्पिकच्या दिवसांत, मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली आणि त्यात कबड्डीही होती. पारतंत्र्यातल्या देशातली, वऱ्हाडातल्या एका आखाड्यात तयार झालेली माणसं युरोपच्या मैदानावर आपला दम दाखवत होती. पुढे 1967 मध्ये मंडळाने शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालय सुरू केलं. विदर्भातल्या शाळांचे कितीतरी पी.टी.चे शिक्षक तिथूनच निघालेले. नांदगाव पेठेच्या पटांगणावरची फक्कीची रेष मागे ओढत नेली तर ती या मंडळाच्या फाटकापाशी पोचते, असं मी मानतो.

असंच काहीसं आयर्लंडमध्ये घडलं, तेही तीस वर्षं आधी. तिथला हर्लिंग हा अ‍ॅश लाकडाच्या काठीने आणि कातडी चेंडूने खेळायचा प्राचीन खेळ इंग्रजी खेळांपुढे मागे पडत चालला होता. 1 नोव्हेंबर 1884 रोजी थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात मायकेल क्युसॅक आणि त्यांच्या सोबत्यांनी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन केली. नियम लिहिले आणि क्लब बांधले ते पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चभोवतीच्या वस्तीच्या पायावर. आजही तिथला मोठ्यातला मोठा हर्लिंगपटू पगारी नसतो. आठवडाभर शाळेत शिकवतो, शेती करतो, नोकरी करतो आणि रविवारी हजारो लोकांसमोर आपल्या परगण्यासाठी खेळतो. दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांताच्या स्पर्धेत पाच परगणे उतरतात: कॉर्क, लिमरिक, टिपररी, क्लेअर आणि वॉटरफर्ड. 2018 पासून प्रत्येक संघ इतर चौघांशी खेळतो आणि पहिले दोन अंतिम सामन्यात भिडतात. उन्हाळ्याच्या तोंडावरचे ते रविवार म्हणजे अख्ख्या प्रांताची जत्रा असते.

आमच्या अमरावती विभागातही जिल्हे पाचच आहेत: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम. शालेय कबड्डी याच शिडीने चढते. तालुका, जिल्हा, विभाग, मग राज्य; चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट, मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. पण आमच्या विभागीय सामन्यांना आई-बापही येत नाहीत. त्या दिवशी मजुरी बुडते आणि सामना कुठे आहे हेही घरी नीट कळलेलं नसतं. पाच जिल्ह्यांनी दर हिवाळ्यात एकमेकांच्या गावी जाऊन खेळावं, अकोल्याच्या लोकांनी यवतमाळात आणि यवतमाळच्या लोकांनी अमरावतीत आपल्या पोरांसाठी ओरडावं, असं व्हायला हवं. खेळणारे आहेत, पाहणारेही आहेत. गावच्या सामन्याला रात्री अकरापर्यंत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी राहणारी गर्दी आणखी कुठून आणायची?

शाळेच्या स्पर्धेत आमचा मुलगा महाराष्ट्राकडून खेळू शकतो, पण कबड्डी संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत तो विदर्भाकडून उतरतो. तिथे विदर्भाचा संघ महाराष्ट्राहून वेगळा असतो. छातीवर विदर्भ लिहिलेली बंडी गावात आली की ती धुऊन, इस्त्री करून देवळीत ठेवली जाते.

2014 मध्ये प्रो कबड्डी आली आणि टीव्हीवर खेळाचा रंग बदलला. मॅट आली, बूट आले, तीस सेकंदांची चढाई आली. तालुक्याच्या वर गेलं की मातीवरचं पोर मॅटवर घसरतं. मातीत अनवाणी पायाची बोटं रोवून पकड करायची सवय, आणि इथे बूट पकडत नाही. जिथे मोठा सामना मॅटवर, तिथे सरावही मॅटवर मिळाला पाहिजे. प्रत्येक तालुक्याला निदान एक मॅट हवी, तीही कुलूपबंद गोदामात नव्हे. माती मात्र सुटू नये. पोर पहिल्यांदा पडतं ते मातीतच, आणि मातीला पैसे पडत नाहीत.

मुलींचं सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1955 साली कोलकात्यात झाली, म्हणजे पुरुषांच्या नंतर अवघ्या तीन वर्षांनी. आमच्या शाळांत मुली जिद्दीने खेळतात, पण बारावी झाली की बहुतेकींचा खेळ थांबतो. गावच्या हिवाळी सामन्यांत मुलींचा गट ठेवणारी गावं थोडी आहेत. जिथे ठेवला, तिथे बायका कापूस वेचून आल्या तशाच, कमरेचा ओटा न सोडता, रेषेपाशी येऊन बसतात. मी अशाच एका सामन्यात उजव्या कोपऱ्यातल्या मुलीला सलग तीन पकडी करताना पाहिलं. तिसऱ्या वेळी तिने घोटा धरला आणि चढाईवाली तिला ओढत मध्यरेषेकडे निघाली. गुडघे सोलले, पण हात सुटला नाही. बाकीच्या येऊन पडेपर्यंत ती एकटीच लटकून होती.

शिट्टी झाली. ती उठली, हाताची माती बंडीला पुसली आणि पुन्हा कोपऱ्यात जाऊन खाली पाहत उभी राहिली, समोरच्या मुलीच्या टाचेकडे.