मोटारीची परीक्षा वळणावर

समजा, तुमच्यापुढे दोन स्पोर्ट्‌स मोटारी उभ्या आहेत. पहिलीचे एंजिन दांडगे. थांबलेल्या स्थितीतून ती ५ सेकंदांत ताशी १०० किलोमीटर वेग गाठते. दुसरीला ९ सेकंद लागतात. पण ती हलकी, बुटकी आणि तोलदार आहे. कोणती निवडाल?

उत्तर देण्यापूर्वी अहिल्यानगरहून (पूर्वीचे अहमदनगर) पाथर्डीकडे निघू या. सरळ रस्त्यावर पहिली मोटार पुढे जाईल, यात शंका नाही. पण वाटेत करंजीचा घाट लागतो. तिथे काय होईल?

दोरीला दगड बांधून गरगर फिरवताना तो सतत आत ओढावा लागतो. वळणाऱ्या मोटारीलाही असेच केंद्राकडे ओढणारे बल, म्हणजे अभिकेंद्री बल, लागते. मोटारीला दोरी नसते. हे बल टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून मिळते. वेग दुप्पट केला की ते चौपट लागते.

आता थोडे गणित करू. वळणाची त्रिज्या २५ मीटर, रस्ता सपाट व कोरडा आणि घर्षणांक ०.८ धरा. जास्तीत जास्त वेगाचा वर्ग = घर्षणांक × गुरुत्वत्वरण × त्रिज्या = ०.८ × ९.८ × २५ = १९६. म्हणून वेग सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५० किलोमीटर. पावसात घर्षणांक ०.४ वर आला, तर हीच मर्यादा ताशी सुमारे ३६ किलोमीटर होते. पाहा, या गणितात एंजिनाची शक्ती कोठेच आली नाही!

मग दोन्ही मोटारी सारख्याच ठरतील का? नाही. वळताना भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. १,००० किलोग्रॅमच्या मोटारीचा गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच आणि डाव्या-उजव्या चाकांतील अंतर दीड मीटर असेल, तर ६ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाला २,००० न्यूटन भार सरकतो. गुरुत्वमध्य पाऊण मीटर उंच असता, तर ३,००० न्यूटन सरकला असता. टायरवरचा भार वाढला की त्याचा घर्षणांक थोडा घटतो. त्यामुळे आतली चाके जेवढी पकड गमावतात, तेवढी बाहेरची कमावत नाहीत. म्हणून बुटकी मोटार सरस.

दुसरी गोष्ट पुढच्या-मागच्या तोलाची. नाक जड असलेल्या मोटारीचे पुढचे टायर बहुधा आधी घसरतात. चाक वळवले तरी ती बाहेरच जात राहते. मागे जड असेल, तर मागची बाजू घसरून मोटार गरकन फिरू शकते. १९८९ साली आलेल्या ‘माझदा एमएक्स-५’ या दोन आसनी मोटारीचे एंजिन बेताचेच होते. पण ते पुढच्या आसाच्या मागे बसवून वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मे-निम्मे वाटले होते. चपळ वळणांसाठीच ती नावाजली.

तिसरी गोष्ट घरी करून पाहा. मीटरपट्टीच्या दोन्ही टोकांना सारखे दगड बांधा, पट्टी मध्यभागी धरा आणि मनगटाने डावी-उजवीकडे फिरवा. मग तेच दगड मधोमध, हाताच्या दोन्ही बाजूंना बांधा. वजन तेवढेच, पण आता पट्टी चटकन वळते आणि चटकन थांबते. वस्तुमान मध्याजवळ आल्याने तिचे जडत्वाचे परिबल कमी झाले. मोटारीचे जड भाग मध्याजवळ ठेवतात ते याचसाठी.

वाहनांच्या चाचण्या घेणारी संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही संस्था अहिल्यानगरलाच आहे. मोटार किती पळते एवढेच पाहून चाचणी संपत नाही. ती थांबते कशी आणि वळते कशी, हेही तपासावे लागते.

तेव्हा घाटाच्या वाटेला दुसरी मोटार निवडणे शहाणपणाचे. मात्र आपण काढलेला वेग ही घसरण्याची सीमा आहे, चालवण्याचा वेग नव्हे. वळणावर थोडी वाळू पडली असली, तरी ती सीमा खाली येते. उत्तम तोलाच्या मोटारीलाही वळणाआधी वेग कमी करावाच लागतो.