लॅपटॉपची दुसरी किल्ली

दीपावलीच्या वहीपूजनात आता रोजमेळ-खतावणीच्या शेजारी लॅपटॉपही मांडला जातो. ते योग्यच आहे. उधारीची येणी, खरेदीचे दर, जीएसटीची विवरणपत्रे सारे त्यातच असते. फरक एवढाच, की वह्या रात्री तिजोरीत जात. लॅपटॉप पिशवीतून गावोगाव हिंडतो.

माझ्या एका व्यापारी आप्तांचा लॅपटॉप बंद पडला. विंडोजला पासवर्ड असल्याने ते निश्चिंत होते. दुरुस्ती करणाऱ्याने आतील हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडली आणि कोणताही पासवर्ड न देता संपूर्ण खतावणी त्यांच्यासमोर उघडली. हिशेब वाचल्याचा त्याला आनंद होता. आप्तांचा चेहरा मात्र उतरला. असा लॅपटॉप प्रवासात चोरीस गेला असता तर?

विंडोजच्याही आधी संगणकात बायोस नावाची मूळ व्यवस्था जागी होते. लॅपटॉप सुरू करतानाच डेलमध्ये बहुधा एफ२, एचपीमध्ये एफ१०, थिंकपॅडमध्ये एफ१ ही कळ दाबली की तिचा फलक उघडतो. तेथील सिक्युरिटी विभागात पासवर्डची सोय असते. सुपरवायझर अथवा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पासवर्ड या फलकातील योजना बदलू देत नाही. स्टार्टअपचा पासवर्ड यंत्र पुढे सुरू होऊ देत नाही. पण डिस्क काढून नेली तर तो निरुपयोगी ठरतो. हार्ड डिस्कचा पासवर्ड डिस्कमध्येच नोंदला जातो, म्हणून ती दुसऱ्या संगणकास जोडली तरी कुलूपबंदच राहते. ही सोय प्रत्येक लॅपटॉपमध्ये नसते. नसल्यास, विंडोजच्या प्रो आवृत्तीतील बिटलॉकर डिस्कवरील मजकूरच सांकेतिक करून ठेवतो. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की जपावी लागते. आणि झाकण नुसते मिटू नये, लॅपटॉप पूर्ण बंद करावा. झोपेतून उठलेले यंत्र हे बायोसचे पासवर्ड बहुधा विचारीत नाही.

आता अडचणीची बाजू. हार्ड डिस्कचा पासवर्ड विसरल्यास मोबाइलवर ओटीपी येत नाही. निर्माती कंपनीही तो काढून देत नाही. नवी डिस्क घाला, असे सांगते. जुनीतील हिशेब गेले ते गेलेच. म्हणून आधी सर्व माहितीची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी, मगच पासवर्ड लावावा.

बँकेत स्ट्राँगरूमच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे विभागून असत आणि दुसरा संच मोहोरबंद पाकिटात अन्य शाखेत ठेवलेला असे. नव्याने रुजू झालो तेव्हा मला हा उपचार वाटे. पुढे उमगले, की तो चोरासाठी नव्हे, अधिकारी अचानक आजारी पडला तर काय, यासाठी आहे. आपल्या पेढ्यांवर कर्ता पुरुष सारे पासवर्ड डोक्यात ठेवतो, ही मला चोरीपेक्षा मोठी जोखीम वाटते. येणी किती, देणी किती, हे घरच्यांनी मग कोणाला विचारायचे?

पासवर्ड कागदावर स्वच्छ अक्षरांत, लहान-मोठी इंग्रजी अक्षरे स्पष्ट दाखवून लिहावा. पाकीट बंद करून जोडावर सही व तारीख घालावी. ते संयुक्त नावाच्या लॉकरमध्ये ठेवावे. पासवर्ड बदलला की पाकीटही बदलावे. आमचे पाकीट लॉकरमध्ये दागिन्यांच्या डबीखाली आहे. ते बंद करण्यापूर्वी त्यातील कागद पाहून आमच्या सौभाग्यवतींनी लॅपटॉप स्वतः सुरू केला. दुसऱ्या प्रयत्नात, कारण पहिल्या वेळी कॅप्स लॉक चालू राहिले होते.