जुनी बेस गिटार पारखताना

फेंडर कंपनीच्या १९५१ सालच्या प्रिसिजन बेसपासून चार तारा आणि ३४ इंचांचे स्केल ही बेस गिटारची रूढ मापे ठरली. जाड तारांचा ताण मोठा असल्याने वापरलेली गिटार घेताना प्रथम नेक तपासावी. तार पहिल्या व शेवटच्या फ्रेटवर दाबल्यास मध्ये व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट दिसावी. फट जास्त असल्यास नेकमधला ट्रस रॉड (नेकचा बाक जुळवणारी सळई) थोडा आवळल्यावर ती कमी होते. मात्र रॉड फिरतच नसेल किंवा नेक पिळली असेल, तर खरेदी टाळावी. प्रत्येक फ्रेटवर सूर वाजवून खरखर होते का ते ऐकावे. नॉब फिरवताना होणारा खरखराट बहुधा कॉन्टॅक्ट क्लीनरने जातो. गिटार घेतल्यावर दर वादनानंतर तारा कोरड्या कापडाने पुसाव्यात. दमट हवेत त्या लवकर गंजतात.